गणपतीनंतर इन्स्टाग्रामची पोहोच दरवर्षी का घटते आणि दोष कसा शोधावा

अनंत चतुर्दशी होऊन आठवडा उलटला की मला ठरलेले फोन येऊ लागतात. दादर, गिरगाव आणि पार्ले येथील काही छोट्या मराठी व्यावसायिकांची इन्स्टाग्राम खाती मी सांभाळतो आणि या दिवसांत जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते: गणपतीत रील भरभरून पाहिल्या जात होत्या, आता नव्या रीलकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा खात्यावर गुपचूप बंदी घातली गेली आहे का? गिरगावातील एका चाळीतून मसाले आणि फराळ विकणाऱ्या काकूंनी तर एकदा रात्री उशिरा फोन करून विचारले होते, "अरे, आपलं इन्स्टाग्राम बंद पडलंय का? भाजणीची रील टाकून दोन दिवस झाले, एक ऑर्डर नाही." त्यांची काळजी खरी होती, कारण गणपतीनंतरच्या याच दिवसांत दिवाळीच्या फराळाची नोंदणी सुरू होते आणि ती हुकली की वर्षभराचे गणित बिघडते.

खाते बंद पडलेले नव्हते आणि बंदीही नव्हती. काकूंच्या आणि इतरांच्या खात्यांवर हा दोष शोधताना मी ज्या क्रमाने तपासणी करतो, तो क्रम येथे मांडत आहे. क्रम पाळणे आवश्यक आहे, कारण घाबरून आधी रीलची धाटणीच बदलून टाकली, तर मूळ कारण झाकले जाते आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

आधी तुलना बरोबर आहे का ते पाहावे

पोहोच, म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत आपली पोस्ट गेली तो आकडा, घटली असे म्हणताना ती कशाच्या तुलनेत घटली, हे बहुतेकांनी ठरवलेलेच नसते. आपण सहज सप्टेंबरची तुलना गेल्या सप्टेंबरशी करतो, पण आपल्या ग्राहकाचे वर्ष इंग्रजी महिन्यांवर चालत नाही. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला, म्हणजे संपूर्ण उत्सव सप्टेंबरमध्येच झाला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि ६ सप्टेंबरला विसर्जन झाले. ७ सप्टेंबरपासून पितृपक्ष लागला तो २१ तारखेला सर्वपित्री अमावास्येपर्यंत चालला आणि २२ तारखेला घटस्थापना झाली. ज्याने २०२५ चा सप्टेंबर २०२४ च्या सप्टेंबरसमोर ठेवला, त्याने प्रत्यक्षात पितृपंधरवड्याची तुलना गणपतीशी केली. नवी वस्तू, साडी किंवा दागिना घेणे पितृपक्षात आजही अनेक घरांत टाळले जाते आणि घेणार नसलेली माणसे दुकानाच्या रील थांबून पाहत नाहीत. पार्ल्यातील एका साडीविक्रेत्याची तक्रार तर एवढ्या एका तपासणीतच निकालात निघाली होती.

म्हणून तुलना तारखेने करू नये, तिथीने करावी: चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस, उत्सवाचे दिवस, पितृपक्ष, नवरात्र आणि त्यानंतर दिवाळीपर्यंतचा काळ असे तुकडे पाडावेत आणि यंदाचा तुकडा गेल्या वर्षीच्या त्याच तुकड्यासमोर ठेवावा. यात एक अडचण आहे. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या विभागात, खात्याचा एकत्रित आढावा मोबाइलवर ९० दिवसांपुरताच पाहता येतो. गेल्या वर्षीच्या नवरात्रात काय झाले होते, हे आज तेथे सापडणार नाही. सुट्या पोस्ट उघडून त्यांचे आकडे पाहता येतात, परंतु फॉलोअर्स किती आणि बाहेरचे किती, शहरे कोणती, हा खात्याचा एकत्रित हिशेब आपणच वेळोवेळी उतरवून ठेवावा लागतो. मी यासाठी साधी वही वापरतो आणि दर सोमवारी सकाळी सहा-सात आकडे लिहितो.

जुने आकडे पाहताना आणखी एका बदलाचे भान ठेवावे. ऑगस्ट २०२४ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जाहीर केले की रील, फोटो, स्टोरी या सर्वांसाठी 'व्ह्यूज' हेच प्रमुख माप राहील. त्याआधी फोटोचे आणि व्हिडिओचे माप वेगवेगळे होते. शिवाय एकाच माणसाने रील तीनदा पाहिली तर व्ह्यूज तीनदा मोजले जातात, तर पोहोच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत ती गेली हा आकडा निराळा असतो. एका वर्षीची पोहोच आणि दुसऱ्या वर्षीचे व्ह्यूज शेजारी मांडून काढलेला निष्कर्ष चुकीचाच निघणार.

मग कोण कमी झाले ते पाहावे

तुलना नीट करूनही घट दिसत असेल, तर प्रोफेशनल डॅशबोर्डमध्ये व्ह्यूज उघडून फॉलोअर्स आणि फॉलो न करणारे यांची विभागणी पाहावी. संपूर्ण तपासणीत मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते. बाहेरचे प्रेक्षक घटले आणि फॉलोअर्स पूर्वीइतकेच पाहत असतील, तर ती उत्सवाची ओहोटी आहे आणि तिच्यावर उपाय करण्याची गरज नाही. मात्र फॉलोअर्सची संख्या वाढलेली असूनही त्यांच्याकडून येणारे व्ह्यूज आणि लाइक घटलेले असतील, तर दोष खात्याच्या प्रेक्षकवर्गात शिरलेला असतो. काकूंच्या खात्यावर हेच घडले होते आणि त्यास मीच कारणीभूत होतो.

त्या वर्षी विसर्जनाच्या दिवशी मी गिरगाव चौपाटीवर दुपारपासून उभा होतो. भरतीच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरलेले कार्यकर्ते, तराफ्यावर हळूहळू वळणारी उंच मूर्ती आणि मागे मरीन ड्राइव्हचे दिवे असे काही सेकंदांचे चित्रीकरण मी काकूंच्या खात्यावर टाकले, कारण खाते गिरगावचे आहे आणि गिरगावचा गणपती दाखवणे मला स्वाभाविक वाटले. रील दूरवर गेली आणि फॉलोअर्स भराभर वाढले. पंधरा दिवसांनी मी प्रेक्षकांच्या शहरांची यादी उघडली, तेव्हा उत्सवाआधी वर असलेली ठाणे आणि पुणे ही नावे खाली गेली होती आणि त्यांच्या जागी हैदराबाद, सुरत, इंदूर आली होती. काकूंचा डबा चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत आणि फार तर ठाण्यापर्यंत जातो. सुरतच्या भक्ताने बाप्पासाठी फॉलो केले होते. त्याच्यासमोर भाजणीचे पीठ आले की तो ते न थांबता पुढे सरकवणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

याचा परिणाम आकड्यांत कसा दिसतो, हे सोप्या उदाहरणाने समजून घ्यावे. समजा, उत्सवाआधी एका खात्याचे २,००० फॉलोअर्स होते आणि प्रत्येक रीलला त्यातील २०० जण प्रतिसाद देत होते, म्हणजे शंभरात १०. उत्सवात आणखी ६,००० जण आले, पण ते मूर्ती पाहायला आले होते. आता त्याच २०० माणसांनी तेवढ्याच आपुलकीने प्रतिसाद दिला तरी ते प्रमाण शंभरात अडीचवर येते. एकही जुना ग्राहक गेलेला नाही, कोणाचे प्रेम आटलेले नाही, तरी एंगेजमेंट रेट, म्हणजे प्रतिसादाचे हे प्रमाण, एक चतुर्थांशावर आलेला दिसतो आणि व्यावसायिकाचा धीर सुटतो. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे गणित कागदावर करायला सांगतो.

इतकेच असते तर प्रश्न कागदावरचा राहिला असता. पण इन्स्टाग्राम ज्या रीतीने रील पसरवते, त्यामुळे तो प्रत्यक्षात उतरतो. २०१६ पर्यंत येथे पोस्ट काळाच्या क्रमाने दिसत; त्या वर्षी तो क्रम गेला आणि प्रत्येकाला काय आवडेल या अंदाजावर मांडणी होऊ लागली. मोसेरी यांनी २०२१ आणि २०२३ मध्ये सविस्तर लिहिले आहे की सर्वांना लागू पडणारा एकच अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी संगणकीय पद्धत, नसतो. फीड, स्टोरी, एक्स्प्लोर आणि रील यांची मांडणी वेगवेगळ्या निकषांवर होते. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आणखी स्पष्ट केले की शिफारस होण्यास, म्हणजे फॉलो न करणाऱ्यांनाही सुचवली जाण्यास, पात्र असलेली रील आधी एका लहान गटाला दाखवली जाते, त्या गटाचा प्रतिसाद चांगला असेल तर थोड्या मोठ्या गटाला आणि याप्रमाणे पुढे. जानेवारी २०२५ मध्ये मोसेरी यांनी पाहण्याचा वेळ, लाइक आणि रील दुसऱ्याला पाठवणे हे तीन संकेत सर्वांत महत्त्वाचे असल्याचे सांगितले. फॉलोअर्सपर्यंत पोहोचण्यासाठी लाइक थोडे अधिक मोलाचे, तर अनोळखी प्रेक्षकांपर्यंत जाण्यासाठी पाठवण्याचे प्रमाण अधिक मोलाचे. पहिल्या गटात जर बाप्पासाठी आलेली माणसे मोठ्या संख्येने असतील आणि ती दोन सेकंदांत पुढे जात असतील, तर भाजणीची रील पहिल्याच पायरीवर अडते, असा माझा अनुभवावरून काढलेला निष्कर्ष आहे.

बंदीची शंका असेल तर

ही शंका दोन मिनिटांत फिटते. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट स्टेटस' उघडावे; आपले खाते फॉलो न करणाऱ्यांना सुचवले जाऊ शकते की नाही आणि कोणती पोस्ट नियमात बसत नाही, हे तेथे दिसते. सर्व काही ठीक असल्याची खूण असेल, तर शॅडोबॅनची, म्हणजे गुपचूप बंदीची, चर्चा तेथेच थांबवावी.

गणपतीनंतर ही खूण नेमकी बिघडलेली सापडण्याचे एक कारण मात्र आहे. उत्सवात अनेक दुकानदार आगमन सोहळ्यांचे, लालबागच्या गर्दीचे व्हिडिओ दुसऱ्यांच्या खात्यांवरून उतरवून आपल्या खात्यावर टाकतात. भावना भक्तीची असते, पण एप्रिल २०२४ च्या त्याच घोषणेनुसार जे खाते ३० दिवसांत दहा किंवा अधिक वेळा दुसऱ्यांचा मजकूर फारसा बदल न करता टाकते, ते शिफारशींतून वगळले जाते. दहा दिवसांचा उत्सव आणि रोज एक उसना व्हिडिओ, एवढ्यानेच ही मर्यादा गाठली जाते. असे झाले असेल तर उसने व्हिडिओ काढून टाकावेत, त्यानंतर महिनाभर केवळ स्वतः चित्रित केलेलेच टाकावे आणि मधल्या काळातील आकड्यांवरून कोणताही निर्णय घेऊ नये.

रीलचा आवाज गेला असेल, तर तोही स्वतंत्र दोष आहे. व्यावसायिक खात्यांना सर्व लोकप्रिय गाणी वापरण्याची परवाना-सवलत नसते आणि आरती शेकडो वर्षांची असली तरी तिच्या एखाद्या ध्वनिमुद्रणावर कोणाचा तरी हक्क असतो. घरातल्यांनी टाळ घेऊन म्हटलेली आरती आपल्याच मोबाइलवर मुद्रित करून वापरावी. ती ऐकायलाही अधिक चांगली वाटते.

दुरुस्ती

काकूंच्या खात्यावर आम्ही आधी जुने ग्राहक जागे केले. इन्स्टाग्रामने स्वतःच सांगितले आहे की फीड ठरवताना दोन खात्यांमधील पूर्वीचा संवाद विचारात घेतला जातो. म्हणून रीलचा वेग कमी केला आणि दोन आठवडे रोज स्टोरीवर प्रश्नाचे स्टिकर ठेवले: यंदा चकली तिखट हवी की मध्यम, करंजीत ओले खोबरे की सुके, डबा कोणत्या स्टेशनजवळ हवा. उत्तर देणाऱ्या प्रत्येकीला काकूंनी स्वतः नाव घेऊन उत्तर लिहिले. स्टेशनच्या प्रश्नाचा तर दुहेरी उपयोग झाला, कारण प्रत्यक्ष ग्राहक कोणत्या भागात आहेत, हे इनसाइट्सच्या शहरांच्या यादीपेक्षा त्या उत्तरांनी अधिक नेमके सांगितले.

मग रीलकडे वळलो. भाजणीची जी रील चालली नव्हती, तिचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडून पाहिला. सुरुवातीचे चार सेकंद बासरीच्या सुरावर काकूंच्या व्यवसायाचे बोधचिन्ह फिरत होते आणि आलेखाची रेघ त्या चार सेकंदांतच खाली आली होती. पीठ, सोऱ्या, कढई, काकूंचे हात, हे सर्व त्यानंतर होते, म्हणजे ते पाहायला कोणी उरलेच नव्हते. पुन्हा चित्रीकरण करताना सुरुवात तुटलेल्या चकलीने केली. सोऱ्यातून चकली कागदावर पडताना मध्येच तुटते, काकू तो तुकडा उचलून बोटांनी चुरतात आणि म्हणतात, "पीठ कोरडं राहिलंय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं." पुढच्या वीस सेकंदांत मोहनाचे प्रकरण येते: मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरते आणि कमी झाले तर कडक होते. दोन्ही चकल्या त्यांनी मुद्दाम बिघडवून तळून दाखवल्या, कढईच्या इतक्या जवळून की तेलात सुटणारे कण दिसत होते. सर्व वाक्ये पडद्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिली, कारण आपला प्रेक्षक सकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून, आवाज बंद ठेवून मोबाइल पाहत असतो.

ही रील विसर्जनाच्या रीलइतकी पाहिली गेली नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. परंतु ती पाहणाऱ्यांनी बहिणीला, जावेला, सासूला पाठवली, कारण दिवाळीच्या आधी चकली का बिघडते हा प्रश्न मराठी घरांत दरवर्षी असतोच. पाठवलेली रील ज्यांच्याकडे गेली, त्या बायका बहुतेक मुंबई-ठाण्याच्याच होत्या आणि फराळाच्या चौकशा त्यांच्याकडून सुरू झाल्या. व्ह्यूजच्या आकड्याखाली 'शेअर' आणि 'सेव्ह' हे आकडे असतात. फराळ, मसाले, शिवणकाम, शिकवण्या अशा व्यवसायांत मी आता आधी तेच वाचतो.

प्रेक्षकवर्ग फारच मिसळला असेल, तर डिसेंबर २०२४ मध्ये आलेली 'ट्रायल रील' ही सोय वापरून पाहावी. अशी रील आधी फॉलोअर्सना न दाखवता अनोळखी प्रेक्षकांना दाखवली जाते, त्यामुळे जमलेल्या गर्दीच्या अनास्थेचा अडसर न होता विषयात दम आहे की नाही, हे कळते. ही सोय प्रत्येक खात्यावर दिसतेच असे नाही.

या काळात काही गोष्टी निश्चितपणे टाळाव्यात. घाबरून फॉलोअर्स विकत घेऊ नयेत. लाइक आणि फॉलो आपोआप वाढवणाऱ्या अॅपमधून आलेला प्रतिसाद काढून टाकण्याची मोहीम इन्स्टाग्रामने नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर केली होती, आणि विकत घेतलेली नावे टिकली तरी वर मांडलेले प्रमाण ती आणखी बिघडवतात. दादरच्या एका दुकानाला कोणा एजन्सीने अशी नावे विकली होती. ती एकेक करून काढण्यात त्या दुकानदाराच्या मुलीच्या दोन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. खरी माणसे मात्र काढू नयेत. इंदूरचा भक्त पुढच्या गणपतीत पुन्हा आनंदाने पाहील आणि त्याची एखादी मावशी माहीमला राहत असेलही. चाललेली रील पुसून टाकणे किंवा नवे खाते उघडणे यांचाही उपयोग होत नाही, कारण नव्या खात्यावर जुने ग्राहक येत नाहीत आणि सवय तीच राहिली तर दोषही तोच राहतो.

पुढच्या उत्सवात गणपती दाखवूच नये, असे मी म्हणणार नाही. गिरगावातील माणसाने भाद्रपदात गप्प बसावे, हे मला पटत नाही. फक्त मूर्ती आणि आपला व्यवसाय यांच्यामध्ये एक धागा असावा. काकू आता मोदकाच्या कळ्या दाखवतात, नैवेद्याचे पान वाढताना उजवी-डावी बाजू समजावतात, खिरापतीसाठी खोबरे किती भाजावे ते सांगतात. ते पाहून जो फॉलो करतो, त्याला महिन्याभराने भाजणी परकी वाटत नाही.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे फराळाच्या चौकशा यंदा त्याच तारखांना शोधल्या तर त्या कमीच दिसतील. माझ्या वहीत म्हणून यंदा तारखांचा रकाना दुसरा आहे; पहिल्या रकान्यात चतुर्थीपासूनचा दिवस लिहिलेला आहे आणि त्यापुढे फॉलोअर्सचे व्ह्यूज, बाहेरचे व्ह्यूज, पाठवलेल्यांची संख्या, पहिली तीन शहरे आणि त्या आठवड्यात आलेल्या ऑर्डर. काकूंनी ऑर्डरचा रकाना स्वतःकडे घेतला आहे आणि तो त्या दर रविवारी रात्री मला फोनवर वाचून दाखवतात.